नेम, नियम आणि धक्का

मराठीत ‘नेम’ हा शब्द तीन कामे करतो. पिस्तूल उचलणारा नेम धरतो. सोमवारचा उपवास हा कुणाचा नेम असतो. आणि पावसाचा काही नेम नसतो. लक्ष्य, व्रत आणि निश्चिती हे तिन्ही अर्थ ‘नियम’ या संस्कृत शब्दाच्या झिजलेल्या रूपात सुखाने नांदतात. कोल्हापुरात शिकवणाऱ्या माणसाचा नेमबाजीशी संबंध न येणे कठीण. वर्गात एखादी तरी विद्यार्थिनी अशी असते, की जी सकाळचा सराव आटोपून पहिल्या तासाला येते. तिच्यामुळे पिस्तुलाच्या रचनेकडे मी कुतूहलाने पाहू लागलो आणि या शब्दाचे तीन अर्थ एकाच मुठीत कसे येतात, हे ध्यानात आले.

पिस्तूल हे मुळात माणूस मारण्यासाठी घडलेले हत्यार आहे, याचा विसर पडू देऊन त्याचे कौतुक करणे मला जमत नाही. तरीही स्पर्धेच्या पिस्तुलात एक निराळाच प्रश्न सोडवलेला दिसतो, आणि तो समोरच्याचा नसून धरणाऱ्याचा आहे. गोळी पुढे जाते तसे पिस्तूल मागे येते. पॉइंट टू टू काडतुसाची गोळी अवघी अडीच ग्रॅमच्या आसपास, पिस्तूल किलोभराहून थोडे जड. म्हणून हाताला बसणारा धक्का बेताचा असतो. पण तो नळीच्या रेषेतून येतो आणि हात त्या रेषेच्या खाली असतो. त्यामुळे पिस्तूल नुसते मागे न येता मनगटाभोवती फिरते, नळीचे तोंड वर उडते. पुढच्या गोळीसाठी ते पुन्हा लक्ष्यावर आणावे लागते, आणि वेळ मोजका असतो. पुरुषांच्या रॅपिड फायर प्रकारात शेवटच्या फेरीत ४ सेकंदांत ५ गोळ्या, त्याही शेजारी शेजारी मांडलेल्या ५ लक्ष्यांवर, एकाच हाताने मारायच्या असतात.

यावर कारागिरांनी केलेले उपाय पाहण्यासारखे आहेत. नळी शक्य तितकी खाली आणायची; वजन पुढच्या बाजूला न्यायचे; मूठ अक्रोडाच्या लाकडाची करून ती त्या एका माणसाच्या तळव्याप्रमाणे घासायची, लांबी भरून बसवायची. अशी मूठ दुसऱ्याच्या हातात परकी वाटते. पण या प्रत्येक उपायाला नियमाने कुंपण घातले आहे. २५ मीटरच्या पिस्तुलाचे वजन १,४०० ग्रॅमपेक्षा अधिक नको. ते ३०० गुणिले १५० गुणिले ५० मिलिमीटरच्या पेटीत बसले पाहिजे. मुठीने मनगटाला आधार देता कामा नये. आणि नळीची मध्यरेषा अंगठा व तर्जनी यांच्यामधल्या बेचक्याच्या वरूनच गेली पाहिजे.

या शेवटच्या अटीमागे एक हकिकत आहे. १९५६ च्या मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये सोव्हिएत संघाने ‘रेकॉर्ड’ नावाचे पिस्तूल आणले. त्याची रचनाच उलटी होती: नळी तळाशी, हाताच्या रेषेत. धक्का सरळ मागे येई आणि तोंड वर उडणे जवळजवळ थांबे. रॅपिड फायरचे सुवर्ण त्या वर्षी रुमानियाच्या स्टेफान पेट्रेस्कूला मिळाले, सोव्हिएत चेर्कासॉव्हला रौप्य. म्हणजे त्या यंत्राने सगळेच जिंकून नेले असे नव्हे. तरीही पुढे नियम बदलले आणि असे पिस्तूल स्पर्धेबाहेर गेले. प्रश्न सुटला होता, आणि म्हणूनच उत्तर नाकारले गेले. धक्का राहू द्यावा, तो हाताच्या वर राहू द्यावा, म्हणजे हाताला काही काम उरेल, असाच त्या निर्णयाचा अर्थ मी लावतो.

हे काम कसले, ते एकदा रेंजवर पाहायला मिळाले. प्रशिक्षकांनी त्या मुलीच्या काडतुसांमध्ये तिला न सांगता एक निकामी काडतूस भरले होते. चाप ओढला, आवाज झाला नाही, आणि नळीचे तोंड मात्र स्पष्टपणे खाली झुकले. न आलेल्या धक्क्याला तिच्या मनगटाने आधीच उत्तर दिले होते. “गोळी नळीतून बाहेर पडायला सेकंदाचा हजारावा भागही लागत नाही,” ते म्हणाले. “धक्का तुला कळतो तोवर ती गेलेली असते. गोळी धक्क्यानं चुकत नाही बाळ, धक्क्याच्या वाटेकडं डोळे लावल्यानं चुकते.” ती काही बोलली नाही. पुढचा अर्धा तास ती रिकाम्या पिस्तुलाचा चाप ओढत राहिली. रोजचा तोच नेम. व्रत या अर्थाने.

कोल्हापूरच्याच राही सरनोबत यांनी २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्ण मिळवले. या स्पर्धेत नेमबाजीचे सुवर्ण मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला. अंतिम फेरीत त्यांचे आणि थायलंडच्या नेमबाजाचे प्रत्येकी ३४ गुण झाले आणि निकालासाठी दोनदा शूट-ऑफ घ्यावा लागला. दर गोळीला हात खाली, मग ३ सेकंदांत वर, नेम आणि चाप. अशा क्षणी मागची गोळी आणि पुढची गोळी या दोन्हींना मनात जागा नसते. पावसासारखाच त्या क्षणाचाही काही नेम नसतो.

वृत्त शिकवताना विद्यार्थी हमखास विचारतात, की गणांचे हे बंधन हवेच कशाला? आता त्याच्या पुढचा प्रश्न आला आहे: निबंध यंत्र लिहून देत असेल तर आपण का लिहायचा? मला त्या बेचक्याच्या नियमाची आठवण होते. खेळाच्या जाणकारांनी बसून एक गोष्ट ठरवली, की कोणता त्रास यंत्राकडे सोपवायचा आणि कोणता माणसाच्या हातावर ठेवायचा. आपल्या विषयात ही रेघ कुठे ओढायची, हे आपण अजून ठरवलेले नाही. ठरवताना एवढे लक्षात ठेवावे, की नको असलेला शब्द खोडताना मनाला बसणारा धक्का काढून टाकला, तर लिहिणाऱ्याच्या हाती नुसती मूठ उरेल.