दुसऱ्या गोळीची रायफल

संपादकांनी विषय सुचवला तो असा: जगातली सगळ्यात ताकदवान शिकारी रायफल कोणती? बंदुकांचा विषय निघाला की लोक हेच विचारतात, आणि या धंद्यात केस पिकलेला माणूस नेमका इथेच वैतागतो. कारण ताकदीपेक्षा गोळी कुठे लागते ते महत्त्वाचं. आफ्रिकेतला हत्तींचा शिकारी डब्ल्यू. डी. एम. बेल याने किरकोळ वाटणाऱ्या .275 रिग्बीने शेकडो हत्ती पाडले. हत्तीचा मेंदू कुठे असतो ते त्याने कवट्या कापून पाहिलं होतं.

आफ्रिकेत पैसे मोजून आलेल्या पाहुण्याबरोबर जो गाइड चालतो, त्याची रायफल बहुतेक दिवस झाडलीच जात नाही. पाहुण्याचा नेम हुकला आणि जखमी केप बफेलो झुडपातून अंगावर आला, की मग तिची पाळी. अंतर दहा-पंधरा पावलं.

केनियाचा नामांकित गाइड हॅरी सेल्बी याची .470 दुनळी गाडीखाली सापडून निकामी झाली. 1949 मध्ये नैरोबीच्या दुकानात हाती लागली ती .416 रिग्बी त्याने उचलली: मॉझरच्या यंत्रणेवर बांधलेली बोल्टची रायफल. अमेरिकन लेखक रॉबर्ट रुआर्कच्या 1953 च्या ‘हॉर्न ऑफ द हंटर’ या पुस्तकाने ती गाजवली आणि सेल्बीने ती पुढे अनेक दशकं वापरली.

गाइडची ती दुसरी गोळी अडकून चालत नाही, म्हणून आता मॉझरचा पंजा. थोडं तांत्रिक होणार, चालवून घ्यावं. बोल्टच्या कडेला पोलादाची लांब पट्टी असते, तोच पंजा. काडतूस मॅगझिनमधून वर येतानाच ही पट्टी त्याची कड पकडते आणि नळीत पोचेपर्यंत सोडत नाही. ‘पुश फीड’मध्ये बोल्ट काडतुसाला नुसता पुढे ढकलतो. घाईत तो अर्ध्यावरून मागे ओढला, तर पहिलं काडतूस पुढेच राहतं, मागून दुसरं येतं आणि दोन्ही अडकतात. विंचेस्टरने मॉडेल 70 मधला पंजा 1964 मध्ये काढला तो खर्च वाचवायला. गिऱ्हाइकांनी इतकी वर्षं बोल लावले की 1990 च्या दशकात तो परत आणावा लागला. पुश फीडवाले म्हणतात, बोल्ट पुरता मागे-पुढे केला तर काही अडत नाही. बरोबर आहे. पण रेडा समोर असताना पुरता बोल्ट ओढण्याची हमी कोण देणार?

गाइडच्या रायफलीतले बाकी फेरफार साधे. अक्रोडाचा दस्ता दमट हवेत फुगतो, म्हणून फायबरग्लासचा. पट्ट्याची कडी दस्त्याऐवजी नळीवर, नाहीतर धक्क्याने बोटं सोलतात. नेमासाठी पुढे पांढऱ्या मण्याची जाड माशी, मागे रुंद उथळ खाच. दुर्बीण हवीच तर चटकन काढता येणारी. नक्षीकामावर पैसा घालवू नये.

रायफल घेताना मॅगझिन डमी काडतुसांनी भरावं. बोल्ट सावकाश, मग जोरात, मग मुद्दाम अर्धवट ओढून पाहावा. एकदा जरी अडकला तरी ती परत करावी, नळीवर नाव कोणाचंही कोरलेलं असो.