लेकीचं नाव पुण्णिका

लेकीचं नाव पुण्णिका ठेवायचं आम्ही दोघांनी ठरवलं, तेव्हा नातेवाईकच म्हणाले, "नावावरून शाळेत लगेच ओळखतील. आर्या, अनन्या ठेवा ना!" ओळखतील, हे खरं. पण म्हणून लेकीने पाळण्यापासूनच लपायचं का?

ब्राह्मणाचं नाव मंगल आणि शूद्राचं तिरस्कार दाखवणारं असावं, असं मनुस्मृतीचा दुसरा अध्याय सांगतो. १९५६च्या धम्मदीक्षेनंतर आपल्या वस्त्यांनी हा नियम पाळण्यातच मोडला. सुजाता, विशाखा, गौतमी घरोघरी आल्या. थेरीगाथेतली कितीतरी नावं मात्र अजून कुणी उचललेली नाहीत.

पुण्णिका ही अनाथपिंडिकाच्या घरच्या दासीची मुलगी. थंडीत कुडकुडत नदीत पाप धुणाऱ्या ब्राह्मणाला तिने अडवलं. पाण्याने पाप जात असेल तर बेडूक-कासवंही स्वर्गात जायला हवीत, हा तिचा बिनतोड युक्तिवाद. त्या ब्राह्मणाने अखेर बुद्धाला शरण जाणं पत्करलं.

उद्या कुणी नावाचा अर्थ विचारला, तर आमची लेक ही गोष्ट सांगेल. जात लपवायला घेतलेल्या नावाकडे सांगण्यासारखं काय असतं?

तुमच्या घरी पाळणा हलणार असेल, तर नावांचं ॲप उघडण्याआधी थेरीगाथा उघडा. खेमा, सोमा, पटाचारा, धम्मदिन्ना तिथे आहेत.

जय भीम!