सहावी अ, आणि ब नाही

परळच्या एका मराठी शाळेत मी सहावी-सातवीला गणित शिकवते. नोकरीला लागले तेव्हा प्रत्येक इयत्तेला अ, ब, क अशा तुकड्या होत्या आणि हुशार मुलांचं काय करायचं हा प्रश्न शाळेला पडतच नसे. ती 'अ'मध्ये असत, संपलं. पाचवीत मार्कांवरून एकदा वाटणी झाली की ती दहावीपर्यंत हलत नसे. 'क'मधल्या एखाद्याला भूमितीत कितीही गती असली, तरी तो 'क'चाच.

1982 च्या गिरणी कामगारांच्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या, माणसं खोल्या विकून डोंबिवली-विरारकडे गेली, राहिलेल्यांतल्या बऱ्याच जणांनी मुलं इंग्रजी शाळेत घातली. तुकड्या एकेक करत मिटल्या. हजेरीपटावर आम्ही अजून 'सहावी अ' लिहितो, पण ब नाही. चाळीतली मुलं, टॉवरच्या वॉचमनची मुलं, केईएम किंवा वाडिया रुग्णालयात आया असलेल्या आईबरोबर सकाळी दिव्याहून लोकलने येणारी मुलं, सगळी एकाच वर्गात. कुणी सातचा पाढा बोटांवर मोजतो आणि मी फळ्याकडून वळायच्या आत मागून आवाज येतो, "बाई, झालं!"

त्या 'झालं'वाल्यावर आपल्याकडे ठरलेले उपाय आहेत. त्याला मॉनिटर करा, वह्या तपासायला द्या, नाहीतर शेजारच्याला शिकवायला बसवा. याला आपण वर जबाबदारीची जाणीव वगैरे म्हणतो. मला हा त्या मुलावरचा अन्याय वाटतो. तोही शाळेत शिकायलाच येतो, बाईंचा बिनपगारी मदतनीस व्हायला नाही.

मी करते ते फार साधं आहे. नवा धडा सुरू करण्याआधी त्याच धड्यावरचे पाच प्रश्न एका चिठ्ठीवर देते, दहा मिनिटांसाठी. मार्क नाहीत. ज्यांना ते आधीच येतं त्यांना सरावसंचातून मोकळीक मिळते, आणि त्यांचा गट खिडकीकडच्या बाकांवर बसतो. धडा संपला की गट मोडतो. पुढच्या धड्याला नवी चिठ्ठी, नवे गट. प्रश्नांची भाषा मी मुद्दाम तोकडी ठेवते. प्रा. व्ही. जी. कुलकर्णी आणि होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रातल्या त्यांच्या सहकाऱ्यांनी ऐंशीच्या दशकात मुंबईच्या महापालिका शाळांतल्या अनुसूचित जातींच्या मुलांबरोबर काम केलं, तेव्हा या मुलांची खरी अडचण विषयापेक्षा पुस्तकी भाषेची असते, हे त्यांनी दाखवलं होतं. लांबलचक शाब्दिक उदाहरण दिलं की चिठ्ठी गणिताऐवजी वाचनाची परीक्षा होऊन बसते.

खिडकीकडच्यांना वीस गणितं जास्त देऊन काही साधत नाही. त्यांना वेगळं गणित लागतं. मसावि-लसाविच्या धड्याला मी विचारलं, "दोन संख्यांचा मसावि 12 आणि लसावि 360 आहे. अशा जोड्या किती?" एका मुलीने आधी 12 आणि 360 ही उघड जोडी लिहिली, मग 24 आणि 180, मग 36 आणि 120. तिथे बराच वेळ अडली. तास संपता संपता 60 आणि 72 सापडली. चारच का, पाचवी का नाही, हे मात्र तिला सांगता येईना. दुसऱ्या दिवशी ती आपणहून लसावि 720 घेऊन आली. "बाई, आकडा दुप्पट केला तरी जोड्या चारच येतात!" मलाही कागद-पेन्सिल घ्यावी लागली. 360 ला 12 ने भागलं की 30 येतात, 720 ला भागलं की 60. दोन्हींचे मूळ अवयव तेच, 2, 3 आणि 5. 60 मध्ये 2 दोनदा आहे, पण ते दोन्ही एकाच बाजूला ठेवावे लागतात, नाहीतर मसावि 12 राहत नाही. फळ्यावर न मांडता मी तिला फक्त म्हटलं, "अवयव पाडून बघ." पुढचं तिचं तिने केलं. हे सगळं होईपर्यंत मी तिच्या बाकावर बसून होते आणि बाकीचा वर्ग सरावसंच सोडवत होता. हुशारांचा गट आपला आपण चालतो हा गैरसमज आहे. त्यांनाही बाई लागतात.

पुढचा धडा गुणोत्तर-प्रमाणाचा. लसाविला जो मुलगा माझ्यासमोरच्या पहिल्या बाकावर अडखळत होता, त्याच्या चिठ्ठीवरची पाचही उत्तरं बरोबर आली. वडील गणपतीच्या कारखान्यात कामाला. तो खिडकीकडे गेला. मी त्या गटाला विचारलं होतं, "एक फुटाच्या नमुन्यावरून वीस फुटी मूर्ती करायची तर सामान किती पट लागेल?" कुणी वीस पट म्हणालं. एका स्कॉलरशिपवाल्याने 20 गुणिले 20 गुणिले 20 करून आठ हजार काढले आणि तो खूश होऊन बसला. हा म्हणाला, "मूर्ती पोकळ असते रे. आणि रंग तर वरूनच लागतो." मग रंगाचा हिशेब चारशे पटीवर आला. आतल्या लाकडी सांगाड्याचा आणि काथ्याचा हिशेब कसा लावायचा यावरून वाद पेटला तो मधल्या सुट्टीतही चालू राहिला. बाहेर परळ-लालबागला मंडप उभे राहत होते, त्यामुळे प्रश्नाला मुद्दामहून गोडी लावावी लागली नाही.

गटांना नावं देऊ नयेत. आमच्याकडे कुणीतरी स्टेशनांची दिली होती, दादर, करी रोड, चिंचपोकळी. पोरांनी पहिल्याच तासाला ओळखलं, "फास्ट गाडी दादरलाच थांबते, म्हणजे दादरवाले हुशार." मी फळ्यावर नुसते हजेरी क्रमांक लिहिते.

पातळीनुसार गट ही मुंबईच्या महापालिका शाळांना नवी गोष्ट नाही. 'प्रथम' संस्थेचा बालसखी कार्यक्रम तिसरी-चौथीत मागे पडलेल्या मुलांना रोज दोन तास वेगळं बसवून शिकवायचा. अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो यांनी सहकाऱ्यांबरोबर त्याचा अभ्यास केला, आणि पुढे 2019 मध्ये या दोघांना मायकेल क्रेमर यांच्यासह अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. पुढे असलेल्यांसाठी पुण्यात 1969 पासून ज्ञान प्रबोधिनीची प्रशाला आहे, पण तिथे आधी निवड होते आणि मग वर्ग भरतो. माझ्याकडे वर्ग आधीच भरलेला आहे. निवड मला दर धड्याला करावी लागते आणि मोडावीही लागते. यातलं मोडणं जास्त जड जातं, कारण मुलांपेक्षा पालकांना जागेची सवय लवकर लागते.

भौमितिक रचनांचा धडा आला तेव्हा त्या चार जोड्यांवाल्या मुलीची चिठ्ठी जवळजवळ कोरी होती. कंपास धरला की टोक सरकायचं, दुभाजक तिरका जायचा. ती माझ्यासमोरच्या बाकावर आली. दोन दिवसांनी तिची आई ड्यूटी संपवून थेट शाळेत.

"बाई, होमी भाभा बालवैज्ञानिक परीक्षेला बसवलंय तिला, आणि तुम्ही खाली बसवलंत? काही चुकलं का तिचं?"

मी मसावि-लसाविची आणि रचनांची, अशा तिच्या दोन्ही चिठ्ठ्या समोर ठेवल्या. त्या परीक्षेत लेखी पार पडली की पुढे प्रात्यक्षिक असतं, तिथे हात चालावा लागतो, हेही सांगितलं. त्यांनी कोऱ्या चिठ्ठीकडे बराच वेळ पाहिलं.

"मग सहामाहीपर्यंत राहू द्या इथेच."

"सहामाहीपर्यंत नाही हो," मी म्हटलं, "धडा संपेपर्यंत. पुढची चिठ्ठी सोमवारी आहे."