दगडी घरातील चार रात्री

युरोपला जावयाचे म्हटले, की आपल्याकडील कुटुंबांत पहिला प्रश्न 'कोठे?' असा नसतो, 'किती देश?' असा असतो. प्रवासी कंपन्यांची रंगीत पत्रके हा प्रश्न अधिकच पक्का करतात. बारा दिवसांत आठ देश, पंधरा दिवसांत अकरा. रोज पहाटे बॅगा दाराबाहेर ठेवावयाच्या आणि रात्री नव्या गावी त्या उघडावयाच्या. संघाने जाण्यात गैर काहीच नाही. वाटेत सोबत असते, वरणभात मिळतो, भाषेची अडचण पडत नाही. परंतु लातुरात चौतीस वर्षे अध्यापन करून निवृत्त झालेल्या आम्हा उभयतांस आयुष्यात प्रथमच दोघांनीच कोठेतरी जावयाचे होते. मुलांची शिक्षणे झाली, लग्ने झाली, घराचे कर्ज फिटले. गाठीस राहिलेल्या पैशांत असा प्रवास एकदाच घडणार हे स्पष्ट होते. म्हणून तो कोठे करावा, हे ठरविण्यास आम्ही दोन हिवाळे घेतले. त्या विचाराची हकीगत इतर जोडप्यांच्या उपयोगी पडेल, या हेतूने हा लेखनप्रपंच.

ऋतूबद्दल मात्र मतभेद नव्हता. वसंतातच जावयाचे होते. लातूरकराच्या वाट्याला येणारा वसंत थोडा निराळा असतो. फाल्गुनात पळस पेटतो, चैत्रात कडुनिंब मोहरतो, हे खरे; पण त्याच दिवसांत विहिरी तळ दाखवू लागतात आणि गल्लीच्या तोंडाशी टँकरची वाट पाहणाऱ्या घागरी रांगेने लागतात. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून 'जलदूत' रेल्वे पाणी घेऊन लातूरच्या स्थानकात आली. पहिल्या गाडीने आणलेले पाणी होते ५ लाख लिटर. ते दिवस ज्यांनी काढले, त्यांना वसंताचे कौतुक कवितेच्या तासालाच ठाऊक. कोवळ्या पालवीवर पाऊस पडतो असा वसंत एकदा डोळ्यांनी पाहावा, ही आमची जुनी इच्छा. शिवाय ईस्टरनंतरच्या आठवड्यांत उन्हाळी सुट्ट्यांची गर्दी अद्याप सुरू झालेली नसते.

आम्ही बेत बोलून दाखविताच सल्ल्यांचा पाऊस पडला. पुण्याची कन्या म्हणाली, "स्वित्झर्लंडला जा." जावयांचे म्हणणे हॉलंड. तेथील कोकेनहॉफ ही ट्युलिपची बाग मार्चच्या मध्यापासून मेच्या मध्यापर्यंतच उघडी असते, आणि 'सिलसिला' चित्रपटापासून ती आपल्या लोकांच्या मनात बसलेली आहे. धर्मग्रामातील भगिनींनी लूर्द सुचविले. आमचा स्वतःचा कल लिस्बनकडे. आणि आमच्या सौ.ने एकच नाव घेतले : असिसी.

स्वित्झर्लंडचा बर्फ पाहण्यास सुंदर, पण बर्फ हा काही वसंत नव्हे. ट्युलिपची बाग एका दिवसाची. उरलेले दिवस काय करावयाचे? लूर्दला जावयाचे, तर आजाऱ्यांना सोबत घेऊन, धर्मग्रामाच्या मंडळींबरोबर जावे, असे आम्हांस वाटते. ती यात्रा आहे, आणि आम्हांस सुट्टी हवी होती. सुट्टीला यात्रेचे नाव देऊन स्वतःची समजूत घालणे आम्हा दोघांनाही रुचत नाही. राहिली दोन नावे.

ती दोन्ही ठेवून पुढे पाहू, असेही करता येत नाही. शेंगेन व्हिसाचा नियम असा, की ज्या देशात मुक्काम सर्वाधिक, त्याच देशाच्या वकिलातीकडे अर्ज करावयाचा. हा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून देता येतो. त्यासोबत निदान ३० हजार युरोंचा वैद्यकीय विमा, राहण्याच्या जागेचा पुरावा आणि दिवसवार कार्यक्रम जोडावा लागतो. बोटांचे ठसे देण्यासाठी मोठ्या शहराची फेरी वेगळीच. थोडक्यात, लातुरातील जेवणाच्या टेबलावर जे ठरत नव्हते, ते कागदावर ठरविणे भाग पडले.

लिस्बनची ओढ आमच्या रक्तातली म्हणावी लागेल. आमचे मूळ घर वसईकडचे. लातूर हे नोकरीचे आणि पुढे जन्माचे गाव झाले. आमचे आडनाव पोर्तुगीज वळणाचे आणि भाषा मराठी. वसईच्या किल्ल्यातील छप्पर नसलेली चर्चे पाहत आमचे बालपण गेले. संत फ्रान्सिस झेवियर १५४१ च्या एप्रिलमध्ये लिस्बनहून निघाले. 'क्रिस्तपुराण' रचणारे फादर थॉमस स्टीफन्स १५७९ च्या एप्रिलमध्ये त्याच बंदरातून गोव्यास निघाले. पावसाळी वारे साधावयाचे म्हणून भारताकडे येणारी गलबते वसंतातच शिडे उभारीत. मराठीतील एवढा मोठा ग्रंथ ज्याच्या हातून घडावयाचा होता, तो तरुण ज्या नदीमुखातून निघाला, तेथे त्याच ऋतूत उभे राहावे, असा आमचा बेत. सौ.ने तो ऐकून घेतला आणि विचारले, "तेथे भूकंप झाला होता ना?"

झाला होता. १ नोव्हेंबर १७५५, सर्व संतांचा सण. सकाळची वेळ, चर्चे माणसांनी भरलेली, वेद्यांवर मेणबत्त्या पेटलेल्या. धरणी हादरली, मागोमाग समुद्र आत आला आणि शहर कित्येक दिवस जळत राहिले. कार्मो मठाचे चर्च छपराविना आजही तसेच उभे ठेवले आहे.

येथे आम्हांस आमच्या घरातील एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण आमच्या निवडीचे मर्म तीत आहे. ३० सप्टेंबर १९९३ रोजी, गणेशविसर्जनानंतरच्या पहाटे चारच्या सुमारास, किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद, आजचा धाराशिव, या दोन जिल्ह्यांत सुमारे ८ हजार माणसे गेली. किल्लारी, सास्तूर आणि आसपासची गावे झोपेतच गाडली गेली. आम्ही तेव्हा लातूर शहरात, भाड्याच्या घरात, वरच्या मजल्यावर राहत होतो. भिंतींस तडे गेले, आम्ही सुखरूप उतरलो. परंतु आमच्या वर्गांतील काही मुले त्या गावांची होती, आणि ती दसऱ्यानंतर शाळेत आली नाहीत. पुढे तीन महिने सौ. शाळा सुटल्यावर मदतकेंद्रात कपडे शिवीत असे. त्या दिवसापासून आजतागायत ती वरच्या मजल्यावर स्वस्थ झोपलेली नाही. उशाशी टॉर्च असतो, अंथरूण दाराजवळ असते. कन्येचे पुण्यातील घर सातव्या मजल्यावर आहे. तेथे ती खुर्चीत बसून रात्र काढते आणि सकाळी झोप छान लागली असे सांगते.

अशा बाईने असिसी का मागावे? तो तर सुबासिओ डोंगराच्या उतारावर रचलेला, गुलाबी-पांढऱ्या दगडाचा गाव. आणि तोही भूकंपाचाच प्रदेश! २६ सप्टेंबर १९९७ रोजी रात्री पहिला धक्का बसला. सकाळी संत फ्रान्सिस यांच्या बॅसिलिकेत नुकसानीची पाहणी चालू असता दुसरा धक्का आला आणि वरच्या चर्चचे कमानदार छत कोसळले. दोन मठवासी आणि दोन तंत्रज्ञ, असे चौघे तेथेच गेले. आत असलेल्या कॅमेऱ्याने ते छत पडताना टिपले आणि जगभरच्या बातम्यांत ते दृश्य दाखविले गेले. आमच्या घरीही ते पाहिले गेले. किल्लारीस चार वर्षे पूर्ण व्हावयास चारच दिवस होते. सौ.ने तेव्हा काही म्हटले नाही. आता म्हणाली, "ती धूळ मी ओळखली होती. पुढे तेथे काय झाले, ते मला पाहावयाचे आहे."

कन्येस हे पटेना. "सुट्टी मजेत घालवायची, आई! पॅरिसला जा," असा तिचा फोनवर फोन. तिचे म्हणणे वावगे नव्हते. रात्रभर जागून काढावयाच्या असतील, तर त्यासाठी आयुष्याची शिल्लक का खर्चावी? आम्हीही त्याच काळजीत होतो. म्हणून ज्या गावाची निवड करावयाची, त्याची हॉटेले पाहण्याआधी आम्ही त्याच्या भिंती कशा आहेत, हे वाचावयास घेतले.

किल्लारीत माणसे का गेली, हे त्या वेळी आलेल्या अभियंत्यांनी सोप्या शब्दांत सांगितले होते. माळवदाची घरे, वर मातीचे जड छप्पर, खाली दोन-तीन फूट जाडीच्या भिंती. पण ती भिंत एक नव्हतीच. आतल्या अंगाचे दगड निराळे, बाहेरच्या अंगाचे निराळे, मध्ये माती आणि कपच्या. धक्का बसताच दोन्ही अंगे फाकली आणि छप्पर खाली आले. पुढे दुरुस्तीत शिकविले गेले ते हेच, की भिंतीच्या आतून बाहेरपर्यंत पोहोचणारे लांब दगड ठिकठिकाणी घालावे आणि दाराखिडक्यांच्या वरून घराभोवती काँक्रीटचा पट्टा फिरवावा. दगड वाईट नव्हता. दगडाला दगड बांधलेला नव्हता.

इटलीतील जुन्या गावांतही उपाय याच जातीचा आहे. समोरासमोरच्या भिंती लोखंडी सळयांनी जखडतात. बाहेरून त्या सळयांची टोके खिळ्यांसारखी दिसतात. असिसीच्या बॅसिलिकेचे छतही बळकट केले गेले आणि १९९९ च्या नोव्हेंबरात वरचे चर्च पुन्हा उघडले. पडलेल्या भित्तिचित्रांचे हजारो तुकडे ढिगाऱ्यातून वेचून, रंग आणि आकार पाहून जुळविण्यात आले. जेथे तुकडा मिळाला नाही, तेथे नवे चित्र काढून फसविलेले नाही. ती जागा फिकीच ठेवली आहे. खाली, रेल्वे स्थानकाजवळ, देवदूतांच्या मरियेची बॅसिलिका आहे. तिचा मोठा भाग १८३२ च्या भूकंपात पडला आणि पुन्हा बांधला गेला, पण तिच्या पोटात असलेले पोर्झिउंकोला हे संत फ्रान्सिस यांचे इवलेसे दगडी प्रार्थनामंदिर शाबूत राहिले.

लिस्बननेही पुनर्बांधणी केली, आणि फार शहाणपणाने केली. सखल भाग सरळ रस्त्यांवर नव्याने आखला. घरांच्या भिंतींत लाकडी चौकटींचे पिंजरे बसविले. आमच्याकडील पुनर्वसित गावेही अशीच, जुनी जागा सोडून, सरळ रेषांत वसविली गेली. त्यांची उपयुक्तता आम्ही जाणतो. पण नवी आखणी आम्ही घराजवळ पाहिलेली आहे. तेच गाव, त्याच जागी, तेच दगड अधिक चांगले बांधून माणसे पुन्हा राहू लागली, हे आम्ही पाहिलेले नाही. हे लक्षात आल्यावर लिस्बनचा आग्रह आम्ही आनंदाने सोडला. फादर स्टीफन्स लातुरातही वाचता येतात.

मग बेत आखणे सोपे झाले. रोममध्ये तीन रात्री, असिसीत चार. दुसरा देश नाही. रोमहून आगगाडीने दोन-अडीच तासांत जाता येते, आणि स्थानकावरून वर गावात बस जाते. गुडघ्यांचा विचार करता दिवसाला एकच चढ. मेच्या आरंभी तेथे 'कालेंदिमाज्जो' हा वसंतोत्सव असतो. वरचा गाव आणि खालचा गाव मध्ययुगीन पोशाखांत गाण्यांची चुरस लावतात, आणि खोल्या मिळत नाहीत. म्हणून आम्ही एप्रिलचा उत्तरार्ध धरला. दिवसा १७-१८ अंश, रात्री ७-८. लातुरात तेव्हा पारा चाळिशी ओलांडतो. सप्टेंबर २०२५ मध्ये कार्लो अकुतिस संतपदी घोषित झाल्यापासून तरुणांची रीघ वाढली आहे, हे ध्यानात ठेवून मठभगिनींच्या अतिथिगृहास लवकर पत्र धाडले. तळमजल्यावरील खोली मागितली.

उत्तर आले : तळमजल्यावर खोली नाही, दुसऱ्या मजल्यावर आहे, लिफ्ट आहे, खिडकीतून दरी दिसते. सौ.ने ते दोनदा वाचले. दिवसभर विषय काढला नाही. रात्री म्हणाली, "भिंती सळयांनी बांधून घेतल्या आहेत का, एवढे विचारा." विचारले. घेतल्या आहेत, असे उत्तर आले. त्यावर तिने खोली राखून ठेवावयास सांगितले.

चारही रात्री ती झोपेल, असे आम्ही म्हणत नाही. खुर्ची तेथेही असेलच. पण हा मुक्काम तिने स्वतः मागून घेतला आहे. जोडप्याने प्रवासाचे ठिकाण ठरविताना काय पाहावयाचे याची यादी करण्याआधी, तेथे दोघांच्या रात्री कशा जातील हे एकमेकांस विचारावे, एवढेच आम्ही या दोन हिवाळ्यांत शिकलो.

व्हिसाची फाईल तयार आहे. सामानाच्या यादीत पहिले नाव टॉर्चचे आहे. त्याचे सेल विमानात कोणत्या बॅगेत ठेवावयाचे, याची चौकशी जावई करीत आहेत.