तूर, डाळ आणि लोहचुंबक

शिरूर अनंतपाळच्या आडतीवर तूर विकली जाते आणि लातूरच्या मिलमध्ये तिची डाळ होते. भरडण्यापूर्वी मालातील खिळा, तारेचा तुकडा लोहचुंबक पकडून ठेवतो. मिलवाल्याची पत अशी त्या मुक्या पहारेकऱ्याच्या हाती असते.

आज बाजारात मिळणारा सर्वांत बलवान चुंबक निओडिमियम, लोह व बोरॉन यांचा आहे. जपानच्या मासातो सागावा यांनी १९८२ साली तो घडविला. मिश्रधातूची तीन ते पाच मायक्रॉनची भुकटी करून, ती चुंबकीय क्षेत्रात दाबून भाजतात. विजेच्या गाडीची मोटर तापली की मात्र त्याची पकड ढिली पडते. त्यावर उपाय म्हणून डिस्प्रोसियम हे महाग मूलद्रव्य मिसळावे लागते.

कण पाव मायक्रॉनपर्यंत बारीक केले, तर प्रत्येक कण एकच दिशा धरतो आणि ती सहजी सोडत नाही. मग डिस्प्रोसियमही कमी लागते. पण इतकी बारीक भुकटी हवा लागताच पेट घेते. रासायनिक मार्गाने कण तयार करताना ऑक्साइडमधील प्राणवायू कॅल्शियमने काढून घेतात. मागे उरलेला चुना पाण्याने धुवावा, तर तेच पाणी कणांना खाते. म्हणून प्रयोगशाळेत साधलेले हे नॅनोकण कारखान्यात उतरविणे अवघड ठरते.

कच्चा माल भारताजवळ आहे. केरळ व ओडिशाच्या किनाऱ्यांवरील मोनाझाइट वाळूत निओडिमियम सापडते. त्यासाठी १९५० मध्ये इंडियन रेअर अर्थ्स ही कंपनी स्थापन झाली. तरीही चुंबक चीनमधून येत राहिले. एप्रिल २०२५ मध्ये चीनने निर्यातीवर परवान्याची अट घातली, तेव्हा आपल्या वाहन कारखान्यांना घोर लागला. एकाच पेढीवर सारी खरेदी टेकविली की काय होते, हे व्यापाऱ्याला निराळे सांगावे लागत नाही.

प्रयत्न सुरू झाले आहेत. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राच्या व हैदराबादच्या संरक्षण प्रयोगशाळेच्या तंत्रावर विशाखापट्टणमला वर्षाला ३,००० किलो समेरियम-कोबाल्ट चुंबकांचा कारखाना २०२३ मध्ये उभा राहिला. नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्राने वार्षिक ६,००० टन चुंबकांच्या उत्पादनासाठी ७,२८० कोटी रुपयांची योजना मंजूर केली.

पैशाने यंत्रे येतील. ती चालविणारी माणसे घडवावी लागतील. व्यापारी घरातील मुलामुलींपुढे वाणिज्य शाखा आपसूक येते. पुण्याच्या सीओईपी तंत्रज्ञान विद्यापीठात व मुंबईच्या आयआयटीत धातुशास्त्रही शिकविले जाते. तूर आणि डाळ यांच्या भावातील अंतर ज्या घरांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे, त्यांनी वाळू आणि चुंबक यांमधील अंतरही मोजून पाहावे.