नातीचे पोट आणि माझी सहाण

बोरीच्या आमच्या घरात सहाणेला मोठा मान. सासूबाईंच्या वेळची ती. मधोमध झिजून खोलगट झालेली. घरातल्या तीन पिढ्यांची पोटे तिने साफ केली, असे मी अभिमानाने सांगत असे. मागच्या दिवाळीत मात्र तिची आणि माझी, दोघींचीही फजिती झाली.

मुलगा आणि सून आठ महिन्यांच्या नातीला घेऊन पुण्याहून आले. चार दिवस आनंदात गेले. पाचव्या दिवशी पोर कुंथू लागली. चेहरा लालबुंद, मुठी आवळलेल्या, डोळ्यांत पाणी. आणि एवढ्या खटाटोपानंतर दुपट्यावर काय, तर शेळीच्या लेंडीएवढे दोन कडक खडे! (दिवाळीच्या अंकात हा विषय काढल्याबद्दल क्षमा असावी, पण ज्यांच्या घरी तान्हे लेकरू आहे त्यांना याहून मोठी बातमी नसते.)

मी लगेच सहाण काढली. हिरडा आणि मुरडशेंग उगाळली, मधाच्या बाटलीला हात घातला, तोच सून म्हणाली, "आई, मध नको. वर्षाच्या आत देत नाहीत."

"तुझा नवरा मधावरच वाढला," मी म्हटले.

ती काही बोलली नाही. बाटली मात्र उचलून फळीवर ठेवली. एरंडेलालाही नकार. विड्याच्या पानाचा देठ तेलात बुडवून... हे तर मला पुरते बोलूही दिले नाही. मग काय, दोन दिवस अबोला. ऐन दिवाळीत स्वयंपाकघरात आवाज काय तो भांड्यांचा!

शेवटी जिंतूरला डॉक्टरांकडे गेलो. आता सुनेची चांगली कानउघाडणी होणार, असे माझ्या मनात. डॉक्टरांनी पोट चाचपले आणि विचारले, "लेकरू खाते काय?"

"अंगावरचे दूध, मऊ भात..." सून सांगू लागली.

"आणि?"

सून खाली बघत राहिली. तिने माझे नाव घेतले नाही. मग मीच सांगितले. सकाळ, दुपार, संध्याकाळ मी नातीला वाटीभर गाईच्या दुधात बिस्किटे कुस्करून चारत होते. पोर मटामट खाई आणि मला वाटे, आजीचा हात लागला! अंगावर पिणे त्यामुळे कमी झाले होते.

"आजी, दुखणे तुमच्या वाटीत आहे," डॉक्टर हसले. बिस्किटे म्हणजे मैदा आणि साखर. चोथा नावालाही नाही. वर्षाच्या आत गाईचे दूध असे पोटभर द्यायचे नसते. पुष्कळ मुलांना त्याने मलावरोध होतो. मधाचे कारण तर ऐकून मी गारच झाले. त्यात कधी कधी एका जंतूची बीजे असतात. तान्ह्या आतड्यात ती रुजतात, त्यांच्या विषाने स्नायू लुळे पडतात आणि या आजाराचे पहिले लक्षण पुष्कळदा मलावरोध हेच असते!

औषध निघाले ते परसातच. झाडाची पिकली पपई कुस्करून. चार-पाच काळ्या मनुका रात्री भिजत घालून, चोळून, गाळून. (अख्खी मनुका नको, घशात अडकते.) भाताबरोबर मुगाची डाळ, तिच्यात दुधी नाहीतर पालक. नाशपती मिळाली तर वाफवून. तिच्यातली एक साखर आतड्यात पाणी धरून ठेवते. जेवताना उकळून गार केलेल्या पाण्याचे दोन-चार घोट. चोथा वाढवला आणि पाणी नाही दिले, तर मळ आणखी घट्ट होतो. शौचात रक्त, उलट्या, फुगलेले पोट दिसले, तर मात्र घरी काही करत बसू नका, असे डॉक्टरांनी बजावले.

निघताना मी एक विचारून घेतले. मुलगा दोन महिन्यांचा असताना, 1991 साली, त्याला पाच दिवस शौचास झाले नव्हते. मी एरंडेल पाजले आणि तो रात्रभर कळवळला.

"नुसता अंगावर होता? एरवी पातळ व्हायची?"

"हो."

"मग त्याला काही झाले नव्हते. अंगावर पिणारी मुले कधी कधी आठवडाभरही शौच करीत नाहीत."

परतताना मी काही बोलले नाही. ती रात्र मला चांगली आठवते. मांडीवर घेऊन मी फेऱ्या घालत होते आणि औषध लागू पडले, असे समजत होते.

बिस्किटे बंद झाली. तिसऱ्या दिवशी सकाळी सून आतून ओरडली, "आई, या बघायला!" मी पिठाच्या हातानेच धावले. दुपट्यावरचा तो पपईच्या रंगाचा ऐवज आम्ही दोघींनी डोळे भरून पाहिला.

सहाण अजून आहे. पुरणात घालायचे जायफळ मी तिच्यावरच उगाळते.