निकालाची ओळ

शर्यत पाहण्यापेक्षा तिचा निकाल पाहण्याचीच मला अधिक हौस आहे, हे कबूल करताना थोडा संकोच वाटतो. रविवारी रात्री जेवणे उरकली की मी ओसरीवर आरामखुर्ची टाकतो आणि फोनवर फॉर्म्युला वनचा निकाल काढतो. बाहेर जासईच्या रस्त्यावरून न्हावा-शेवा बंदराकडे जाणारे ट्रेलर घरघरत असतात. दीड-दोन तास जिवावर उदार होऊन धावलेल्या मोटारी माझ्यापुढे एका तक्त्यात निमूट उभ्या राहतात. पहिला कोण, दुसरा कोण, गुण किती, हे अर्ध्या मिनिटात कळते. सारे कळल्याच्या समाधानात मी झोपी जातो.

परवा जुने निकाल चाळताना 19 जून 2005 चा, इंडियानापोलिसचा तक्ता समोर आला. नारायण कार्तिकेयन, क्रमांक चौथा, गुण 5! फॉर्म्युला वनमध्ये उतरलेला हा पहिला भारतीय. ऊर अभिमानाने भरून आला, आणि मी मुलाला हाक मारली.

तो हसून म्हणाला, "बाबा, गाड्या किती धावल्या ते पाहिलंत का?"

पाहिले. सहा! मिशेलिनचे टायर त्या दिवशी धोक्याचे ठरले होते. म्हणून ते टायर लावलेल्या 14 गाड्या आरंभीची एक संथ फेरी मारून परतल्या, आणि शर्यत उरलेल्या सहांतच झाली.

"म्हणजे हा चौथा नंबर फुकटचाच की!" मी हिरमुसून म्हणालो.

"फुकटचा कसा? शेवटपर्यंत गाडी त्यानेच हाकली ना?"

या प्रश्नाला मजजवळ उत्तर नव्हते. नवल असे, की हाच मुद्दा मी दर जानेवारीत वर्गात तावातावाने मांडीत असतो. 1984 च्या जानेवारीत दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली या भागातले शेतकरी नवी मुंबईसाठी गेलेल्या जमिनींच्या न्याय्य मोबदल्यासाठी उभे राहिले. 16 आणि 17 तारखेला गोळीबार झाला, पाच जण हुतात्मे झाले. मी तेव्हा शाळेत होतो. त्या लढ्यातून विकसित जमिनीचा साडेबारा टक्के वाटा पदरात पडला. आज जो तो 'साडेबारा टक्के' हा आकडा तेवढा बोलतो. "मुलांनो, आकड्यामागची माणसे विसरू नका," असे मी सांगतो, आणि मुले माना डोलावतात.

पण घरी? मुलाच्या बारावीचा निकाल मी याच फोनवर, असाच अर्ध्या मिनिटात पाहिला होता. 58 टक्के. दोन दिवस मी त्याच्याशी धड बोललो नाही. त्या वर्षी माझी आई अंथरुणाला खिळलेली होती. परीक्षेच्या तोंडावरही तिच्या उशाशी रात्र रात्र जागणारा तोच होता. मी उत्तरपत्रिकांचे गठ्ठे पुढ्यात घेऊन पलीकडच्या खोलीत बसलेला असे. निकालाच्या तक्त्यात या गोष्टीला रकाना नव्हता, आणि मीही तो आखला नाही.

फोन बाजूला ठेवून मी त्याला म्हणालो, "बस जरा. त्या रात्री तू जागत होतास ना, तेव्हा आजी काय काय बोलायची रे?"

तो क्षणभर माझ्याकडे पाहत राहिला. मग खुर्ची ओढून बसला.